गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क: निवडायचे कसे, स्वतः बदलायचे कसे

गणपतीला कोकणात जायचं म्हणून आमच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड नवे टाकून घेतले होते. पुढच्याच मे महिन्यात महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने उतरताना डाव्या पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज सुरू झाला. गाडीत आईवडील आणि दोन मुलं होती. पहिल्या गिअरवर, सावकाश, कसेबसे खाली पोचलो. पोलादपुरात चाक उतरवल्यावर दिसलं की बाहेरच्या बाजूचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहे आणि आतल्या बाजूचा पार संपून त्याची लोखंडी पाटीच डिस्कवर घासते आहे. डिस्कवर बोटाला लागतील अशा चऱ्या पडल्या होत्या.

पॅड वाईट नव्हते. कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक गंजून अडकली होती. आठ महिन्यांपूर्वी पॅड बदलताना त्या पिना कोणी बाहेर काढून पाहिल्याच नव्हत्या. तेव्हापासून आमच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचं काम मी स्वतः करतो. कोणत्या कंपनीचे पॅड घ्यावेत यावर लोक खूप बोलतात, पण पॅडच्या भोवतीचं सगळं स्वच्छ आणि मोकळं आहे का, यावर ब्रेकचं आयुष्य त्याहून जास्त अवलंबून असतं. हा लेख वाचताना एवढं मनात ठेवा.

इथे मी वॅगनआर, स्विफ्ट, आय१०, टियागो अशा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. मागेही डिस्क असेल तर मागचं काम वेगळं असतं. काही गाड्यांत मागच्या कॅलिपरचा पिस्टन (ऑइलच्या दाबाने बाहेर येऊन पॅड ढकलणारा दट्ट्या) सरळ दाबून आत जात नाही, तो फिरवत आत न्यावा लागतो. बटणावरचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी तो स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये घालावा लागतो. अशा मागच्या चाकांना नवख्याने हात लावू नये.

घाटात ब्रेक किती तापतो

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो आणि ती हवेत सोडून देतो. माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून एकदा थांबवली, तर जवळपास एक लिटर पाणी उकळीला येईल इतकी उष्णता तयार होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर उंचावर आहे. तिथून पोलादपूरला उतरताना याच गाडीची जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात पन्नासेक लिटर पाणी उकळेल. आणि उताराला पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर यातला बहुतेक भार चार चाकांवर, त्यातही पुढच्या दोन डिस्कवर पडतो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात आणि आधी झिजतात.

म्हणून घाट उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनला गाडी धरू द्या, मधूनमधून नीट दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण सोडा. पॅड कितीही चांगले असले तरी याला पर्याय नाही.

बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं

नव्या पॅडचं घासायचं मटेरियल साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतं. ३ मिलिमीटर उरलं की बदला. मागची लोखंडी पाटी यात मोजायची नाही, खूपजण ती धरून मोजतात आणि फसतात. चाकाच्या फटीतून टॉर्च मारला तर बाहेरचा पॅड दिसतो. आमच्या घाटातल्या प्रकारात बाहेरचा पॅड उत्तम दिसत होता, म्हणून नुसत्या त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, चाक उतरवून आतला पॅड पाहा.

बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. मटेरियल संपत आलं की ती डिस्कला टेकते आणि बारीक, कर्कश शीळ घातल्यासारखा आवाज येतो. हा आवाज म्हणजे सूचना आहे, अजून थोडे दिवस हाताशी असतात. खरखरीत, दात करकरणारा आवाज आला तर मात्र मटेरियल संपलेलं असतं आणि तुम्ही डिस्क खात असता. याला अपवाद एकच: पावसात रात्रभर गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि सकाळी पहिल्या चारपाच ब्रेकला खरखर येते. ती लगेच जाते आणि त्यात काळजीचं काही नाही.

ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरत असेल किंवा स्टीअरिंग हलत असेल, तर डिस्ककडे संशय घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अडकलेल्या पिना किंवा अडकलेला पिस्टन बघा. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे, नवे पॅड टाकून ते जाणार नाही.

बॉनेटखाली ब्रेक ऑइलची पातळी खाली दिसली की अनेकजण वर भरून टाकतात. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑइल त्याच्यामागे जातं, त्यामुळे पातळी थोडी उतरणं स्वाभाविक आहे. ती मिनिमम रेषेच्या वर असेल तर भरू नका, पॅड बघा. रेषेच्या खाली गेली असेल तर गळती शोधा.

डिस्क ठेवायची की बदलायची

प्रत्येक वेळी पॅडबरोबर डिस्क बदलायलाच हवी असं नाही. ते मोजून ठरवा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये ती नव्या जाडीपेक्षा दोनेक मिलिमीटरच कमी असते. म्हणजे डिस्ककडे खर्चायला दोन्ही बाजू मिळून दोनच मिलिमीटर असतात.

मोजताना एक अडचण येते. जुन्या डिस्कच्या कडेला न घासलेल्या भागाची धार उभी राहते आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) त्या धारेवरच अडकतो, त्यामुळे जाडी जास्त दिसते. दोन सारखी नाणी घ्या, एक डिस्कच्या या बाजूला, एक त्या बाजूला, घासलेल्या पट्ट्यावर धरा आणि तिन्हींची जाडी एकत्र मोजा. मग दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा. पुरेसा अचूक आकडा मिळतो. एकाच जागी मोजून थांबू नका, गोलाकार सात-आठ ठिकाणी मोजा. पेडल थरथरतं ते बहुधा या जाडीतल्या बारीक फरकामुळे. तो फरक काही शतांश मिलिमीटरचाही असू शकतो, तेव्हा तो व्हर्नियरला दिसला नाही तरी थरथर खरी समजा.

किमान जाडीच्या जवळ आलेली, खोल चऱ्या पडलेली, भेग गेलेली किंवा तापून निळे-काळे डाग पडलेली डिस्क बदलाच. हलक्या रेषा चालतात. लेथवर डिस्क घासून सरळ करून देणारे आहेत, पण त्यात मटेरियल जातं. घासल्यानंतरही किमान जाडीच्या चांगली वर राहणार असेल तरच ते करा. छोट्या गाडीच्या पातळ डिस्कसाठी मला हा खटाटोप पटत नाही, नवी जोडी घ्यावी.

पॅड आणि डिस्क, दोन्ही नेहमी जोडीनेच बदला, डावं-उजवं एकत्र. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढू शकते.

पॅड निवडताना

दुकानात तीन प्रकार ऐकायला मिळतील. ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, आवाज करत नाहीत, थंड असतानाही लगेच धरतात, पण खूप तापल्यावर त्यांची पकड कमी होते. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचं प्रमाण बरंच असतं. ते उष्णता चांगली सोसतात, पण डिस्क लवकर खातात, काळी धूळ करतात आणि कधीकधी किंचाळतात. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ असतात, पण महाग. रोज शहरात आणि वर्षातून चारपाचदा घाटात जाणाऱ्या घरगुती गाडीला, गाडीच्या कंपनीने मुळात जे पॅड दिले होते तेच किंवा त्याच दर्जाचे योग्य असतात. कंपनीने ते त्या गाडीच्या वजनाला, त्या कॅलिपरला धरून ठरवलेले असतात. रेसिंगचे पॅड रस्त्यावरच्या गाडीत टाकू नका, ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर आडवा आलेला पोरगा पॅड तापायची वाट बघत नाही. भोकं पाडलेल्या शोभेच्या डिस्कचंही तसंच आहे: छोट्या गाडीला त्यांचा फायदा नाही आणि भोकांपासून भेगा सुरू होण्याची शक्यता असते.

बऱ्याच पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेल्या ओळीत शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणांक (पकडीचा आकडा, जास्त म्हणजे पकड जास्त) ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही अक्षरं ‘एफ’ असतील तर पॅड तापल्यावरही जवळपास तसाच धरतो. पहिलं ‘एफ’ आणि दुसरं ‘ई’ असेल तर घाटात तो ढिला पडेल. या अक्षरांवरून टिकाऊपणा कळत नाही, फक्त पकड कळते.

ब्रँडचं म्हणाल तर बॉश, ब्रेम्बो, टीव्हीएस गर्लिंग, राणे (Rane) ही नावं सुट्या भागांच्या बाजारात मिळतात आणि गाडीच्या कंपनीचे अस्सल पार्ट्स तिच्या अधिकृत काउंटरवर मिळतात. खरा धोका नकली मालाचा आहे. ओळखीच्या डब्यात, अगदी हुबेहूब छपाईत, हलका माल विकला जातो. पक्कं बिल घ्या. डब्यावरचा पार्ट नंबर आणि पॅडवरचा नंबर जुळवून बघा. गाडीचं नुसतं नाव सांगून माल घेऊ नका, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार आणि मॉडेलनुसार कॅलिपर बदलतो. आरसीवरचा चासी नंबर दाखवा, त्यावरून काउंटरवर नेमका पार्ट निघतो. घरी आल्यावर नवा पॅड जुन्याशेजारी ठेवून पाटीचा आकार, कान (दोन्ही टोकांना पुढे आलेले भाग) आणि जाडी बघा. जुनं उघडण्याआधीच नवं तपासलेलं बरं.

पॅडबरोबर पत्र्याच्या क्लिपा आणि शिम (पॅडच्या पाठीला लागणारी पातळ पट्टी) नव्या मिळत असतील तर घ्याच. पिनांचे रबरी बूट फाटले असतील तर तेही. या दहा-वीस ग्रॅमच्या वस्तूंनी पॅडचं आयुष्य ठरतं.

जमवायचं सामान

गाडीचा जॅक, चाकाचा पाना, दोन जॅक स्टँड, चाकांमागे लावायला दगड किंवा लाकडी ठोकळे. रॅचेट आणि सॉकेट (कॅलिपरच्या बोल्टला बहुतेकदा १२ किंवा १४ चा, ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड आणि कॅलिपर धरणाऱ्या चौकटीच्या, बोल्टला बहुतेकदा १७ चा), एक पातळ स्पॅनर, पिस्टन दाबायला सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा कॅन, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे, मजबूत तार, रबरी हातमोजे, मास्क. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, बोल्ट आवळायचा पाना) स्वतःचा नसेल तर मागून आणा, पण तो लागतोच. गाडीचं मॅन्युअल किंवा त्या मॉडेलच्या टॉर्कचे आकडे आधी काढून कागदावर लिहून ठेवा.

ग्रीसबद्दल थोडं थांबून सांगतो. साधं चाकाचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल पिनांना लावू नका. त्याने रबर फुगतं, आणि फुगलेलं रबर पिन धरून ठेवतं. आमच्या गाडीत गंजाबरोबर हेही झालं असावं, कारण पिनेवर काळपट चिकट थर होता.

गाडी उचलताना

सपाट, कडक जमीन हवी. पार्किंगमधली फरशी किंवा काँक्रीट चालेल, मातीवर किंवा उतारावर हे काम करायचं नाही. पहिल्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. मग जॅक लावून उचला आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक स्टँड ठेवून गाडीचं वजन त्यावर घ्या. हाताने गाडी जोरात हलवून बघा.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाच्या जागेत हात किंवा डोकं घालू नका. विटा रचून गाडी टेकवलेली मी पाहिली आहे. वीट अचानक चुरगाळते, आधी काही कळत नाही. काढलेलं चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा, तेवढाच आणखी एक आधार.

उघडताना

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली राहिली की कुठली क्लिप कशी होती हे पाहायला नमुना हाताशी राहतो. तरी उघडण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा.

कॅलिपर बाहेरच्या बाजूला येईल अशा दिशेने स्टीअरिंग वळवा. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करा आणि भोवती फडकं गुंडाळा. हे ऑइल रंग खातं, गाडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डबा काठोकाठ भरलेला असेल तर जुन्या स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या, नाहीतर पिस्टन दाबताना वरून वाहील.

आता कॅलिपर. मागच्या बाजूला दोन बोल्ट दिसतील, तेच पिनांमध्ये गेलेले असतात. बोल्ट फिरवताना पिनही फिरायला लागली तर ती पातळ स्पॅनरने धरा. दोन्ही काढून कॅलिपर उचला आणि तारेने वरच्या स्प्रिंगला टांगा. रबरी पाइपवर कॅलिपर लोंबकळत सोडायचा नाही. पाइप आतून फाटला तर बाहेरून दिसत नाही.

जुने पॅड काढून ओळीत मांडा, डावा-आतला, डावा-बाहेरचा अशी खूण करून. हे फेकायच्या आधी वाचायचे असतात. आतला जास्त झिजला असेल तर पिना अडकल्यात. पॅड एका टोकाला जास्त झिजून तिरका झाला असेल तर तो ब्रॅकेटमध्ये नीट सरकत नाही. दोन्ही बाजूंचे चारही सारखे असतील तर तुमचे ब्रेक निरोगी आहेत आणि फक्त पॅड संपलेत.

ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही आणि जुन्या पॅडमध्ये काय आहे हे बघून कळत नाही. ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली करा आणि फडक्याने पुसा. मास्क लावलेला असू द्या.

डिस्क बदलायची असेल तर ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढा. ते घट्ट असतात, आधी गंजाचा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा. ब्रॅकेट निघालं की डिस्क हातात यायला हवी. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिलेल्या गाडीत ती बहुधा येत नाही, हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरणाऱ्या भागाला) गंजून चिकटलेली असते. काही गाड्यांत ती एखाद्या स्क्रूने धरलेली असते, तो आधी काढा. अनेक डिस्कमध्ये दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यात बहुधा ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडेथोडे फिरवले की डिस्क स्वतःच ढकलली जाते. भोकं नसतील तर स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर फिरतात त्या दांड्यांच्या) मधे लाकडी हातोडीने, फिरवत फिरवत ठोका.

ज्या पायरीवर सगळं अवलंबून आहे

नवी डिस्क बसवण्याआधी हबचा चेहरा, म्हणजे डिस्क जिथे टेकते ती सपाट जागा, वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. स्टडच्या मुळाशी गंजाची कडी राहते, तीही काढा. इथे गंजाचा एक कण राहिला तर डिस्क तितकी तिरकी बसते आणि काठावर तो तिरकेपणा जवळपास दुप्पट होतो. सुरुवातीला काही जाणवत नाही. मग प्रत्येक फेऱ्याला डिस्कचा एकच भाग पॅडला घासत राहतो, तिथे जाडी बदलते आणि चारपाच हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं. मग दोष नव्या डिस्कला दिला जातो. मला विचाराल तर या जागेवर पंधरा मिनिटं खर्च करा, दोन्ही बाजूंना.

नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. क्लीनर नसेल तर भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, मग कोरडं पुसून. तेल राहिलं तर ते नव्या पॅडमध्ये मुरतं आणि ते पॅड टाकूनच द्यावे लागतात. डिस्क लावून दोन नट हाताने फिरवून ठेवा, म्हणजे काम करताना ती हबला टेकलेली राहील आणि मागे कचरा पडणार नाही.

आता पिना. दोन्ही बाहेर ओढून काढा. वरची आणि खालची वेगळी असू शकते, एकीच्या टोकाला रबराची कडी असते, म्हणून अदलाबदल करू नका. जुनं ग्रीस पुसून पिन स्वच्छ करा, भोक आतून फडक्याने पुसा. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिन नवी घ्या. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून परत घाला. ती एका बोटाने आतबाहेर सरकली पाहिजे. ग्रीस कोंबून भरू नका, आत हवा अडकून पिन परत बाहेर येते.

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे बसतात तिथल्या क्लिपा काढा आणि त्यांच्याखालचा गंज घासून काढा. हा गंज फुगून क्लिप वर ढकलतो आणि पॅड चेपून बसतो. ब्रॅकेट बसवून बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. क्लिपा लावून नवे पॅड सरकवून बघा: ते ठोकावे लागता कामा नयेत आणि खुळखुळताही कामा नयेत.

पिस्टन आत ढकलायला जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने अगदी सावकाश दाबा. मधूनमधून ब्रेक ऑइलचा डबा बघा. पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं दिसलं किंवा पिस्टन जोर लावूनही हलत नसेल, तर काम तिथेच थांबवून मेकॅनिकला बोलवा. तो कॅलिपर उघडून नवी किट टाकावी लागेल. कॅलिपर निघालेला असताना गाडीत कोणी ब्रेक दाबणार नाही याची खात्री ठेवा, मुलं आसपास असतील तर दार लॉक करा.

पॅड लावताना आवाजाची जीभ असलेला पॅड बहुधा आत जातो, तुमच्या फोटोत बघा. ग्रीसचा पातळ थर पॅडच्या पाठीवर, पिस्टन टेकतो तिथे आणि कानांवर द्या. घासायच्या बाजूला ग्रीस लागता कामा नये, बोटंही लावू नका. कॅलिपर खाली आणा, रबरी पाइपला पीळ पडलेला नाही ना ते पाहा, बोल्ट टॉर्कने आवळा.

चाक लावून नट हाताने बसवा, गाडी खाली घ्या आणि समोरासमोरचे असे आडवे-तिडवे आवळा. छोट्या गाड्यांना हा टॉर्क बहुधा ८५ ते १०५ न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. पान्यावर उभं राहून किंवा हवेच्या गनने मनमानी आवळलं तर डिस्क वेडीवाकडी ताणली जाते.

निघण्याआधी पेडल

दोन्ही बाजू झाल्या की किल्ली फिरवण्याआधी पेडल दाबा. पहिल्यांदा ते थेट तळाला जाईल. दाबत राहा, दहा-पंधरा वेळा, पिस्टन बाहेर येऊन पॅडला टेकेपर्यंत. पेडल कडक झाल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. ही पायरी विसरून गाडी बाहेर काढली तर पहिल्या ब्रेकला गाडीत ब्रेकच नसतो.

ऑइलची पातळी पाहा, झाकण घट्ट करा. कमी असेल तर झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला, बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांपर्यंत येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल आत जातं. घाटात अचानक ब्रेक गेल्याचं सांगतात त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून घ्या. ते काम मात्र पहिल्यांदा जाणत्या माणसाबरोबर करा. लाइनमधली हवा काढणं एकट्याचं काम नाही.

इंजिन सुरू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा, ते हळूहळू खाली जाता कामा नये. मग पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगाने पुढे-मागे घेऊन ब्रेक लावून बघा.

आता पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवायचे. पहाटेचा मोकळा, सरळ रस्ता निवडा. ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या. असं आठ-दहा वेळा, दोन ब्रेकच्या मधे अर्धा मिनिट गाडी पळू द्या. थोडा जळका वास येईल, घाबरू नका. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवून डिस्क थंड करा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं तर पॅडचं मटेरियल एकाच जागी चिकटतं आणि थरथर सुरू होते. पहिले दोनतीनशे किलोमीटर जोरात ब्रेक लागेल असं चालवणं टाळा. नवे पॅड टाकून दुसऱ्याच दिवशी भरलेल्या गाडीने ताम्हिणी किंवा वरंध उतरायला निघू नका, प्रवासाच्या किमान आठवडाभर आधी हे काम उरका.

पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर, चाकं थंड असताना, नट परत एकदा टॉर्क रेंचने तपासा. मग गाडी वीसेक मिनिटं चालवून आल्यावर हाताचा पंजा डाव्या आणि उजव्या रिमजवळ धरून बघा, रिमला लावू नका. एका बाजूची धग दुसरीपेक्षा खूप जास्त वाटली तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अजून धरतो आहे, चाक परत उतरवा. आणि गाडीच्या वहीत किलोमीटरचं रीडिंग, पॅडचा पार्ट नंबर आणि डिस्कची मोजलेली जाडी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी चाक उतरवाल तेव्हा आतला पॅड किती झिजला हे या आकड्यांवरूनच कळेल.